घराखालची जमीन

तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर एकाच नात्यागोत्याची माणसं राहतात. पलीकडे आरोंदा, सातार्डा. अलीकडे किरणपाणी, कोरगाव, पालयें. सोयरिकी इकडून तिकडे होतात, दशावताराच्या रात्री दोन्हीकडे सारख्याच जागतात. माझं आजोळ आरोंद्याचं. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी मुंबई राज्याच्या कूळकायद्यानं माझा मामा कसत्या शेताचा मालक ठरला. पुढं ‘३२ ग’खाली किंमत ठरली, हप्ते फिटले, ‘३२ म’चा दाखला आला आणि मामानं तो देवघरातल्या फळीवर तसबिरीमागं ठेवला. नदीच्या अलीकडं, पेडणे महालात, माझे वडील तसंच शेत तसंच कसत होते. त्यांना तो दिवस २० एप्रिल १९७६ रोजी दिसला. मधली एकोणीस वर्षं आमच्या घरात रोज मोजली गेली, कारण आई माहेराहून आली की तिच्या बोलण्यात ती वर्षं असायची.

मी प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्तीनंतर समाजाविषयी विचार करणाऱ्यांची पुस्तकं वाचायला घेतली. प्रत्येक विचारवंतापाशी मी एकच प्रश्न घेऊन गेले: यांच्या समाजात मुंडकार कुठं बसतो? आम्ही कूळही होतो आणि मुंडकारही. शेत दुसऱ्याचं कसायचं ते कूळ. दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, त्याच्या परवानगीनं घर बांधून राहायचं तो मुंडकार. भिंती आपल्या, छप्पर आपलं, भिंतीखालची जमीन भाटकाराची. त्या बदल्यात माड राखायचे, पाडप झाली की नारळ वाहून न्यायचे, भाटकाराच्या घरी लग्नकार्य निघालं की बोलावण्याची वाट न बघता हजर व्हायचं. मजुरीचा प्रश्न निघत नसे. कुणी उलट बोललं तर ‘घर उचल’ एवढे दोन शब्द पुरायचे.

गोव्याच्या गावाची जगभर कीर्ती झाली ती मात्र अगदी वेगळ्या कारणासाठी. १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं तिसवाडीच्या गावांचे रूढ कायदे लिहवून घेतले. त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. त्यात आरंभाला एक कथा आहे: ओसाड बेटावर चार माणसं आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, गाव वसवलं आणि त्यांचे वंशज ते गावकर. जमीन कुणा एकाची नव्हे, गावकरांच्या संस्थेची, म्हणजे गावकरीची. शेतांची पावणी व्हायची, जो जास्त बोली देईल तो ठरलेल्या मुदतीपुरतं कसायचा. देऊळ, बांध, सरकारी धारा हा खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम जोण म्हणून गावकरांत वाटली जायची. एकोणिसाव्या शतकात याच व्यवस्थेवर फिलिप नेरी शावियेर या गोमंतकीय पंडितानं १८५२ साली मोठा ग्रंथ लिहिला. १८७० साली कुन्य रिवार यांनी गावकऱ्यांच्या बाजूनं पुस्तिका काढली. ब्रिटिश मुलखात मेटकाफनं हिंदी खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं होतं. हेन्री मेन यांनी १८७१ मध्ये पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रामसंस्थांची तुलना मांडली. बेडन-पॉवेल यांनी तर खास गोव्याच्या सोळाव्या शतकातल्या गावांवर निबंध लिहिला. लंडनमध्ये बसलेल्या मार्क्सनं १८५३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिताना याच खेड्यांकडं दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलं: ही गावं वरून कितीही निरागस दिसोत, त्यांना जातिभेदाचा आणि गुलामीचा डाग आहे आणि जुलमी सत्तांचा पाया तीच आहेत.

हे सगळं वाचताना मला गावकरीबद्दल आदर वाटला, तो आजही आहे. समुद्राचं खारं पाणी अडवून खाजन शेती उभी करणं एकट्यादुकट्याचं काम नाही. पण त्या चार माणसांच्या कथेत बांधावर माती टाकणारा पाचवा माणूस नाही. जोण गावकराच्या पुरुष वंशाला जायची. बाहेरून आलेला, नंतर आलेला, खालच्या जातीचा, आणि प्रत्येक घरातली बाई, या सगळ्यांनी त्या गावात घाम गाळला, पण ती गावाच्या हिशेबात नव्हती. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हे नेमकं हेरलं. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात त्यांचं एक प्रकरण गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, ग्रामसंस्थेवर आहे. सह्याद्रिखंडातली परशुरामाची कथा एका बाजूला आणि प्रत्यक्ष शेत, पावणी, जातवार हक्क दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी इतिहास वाचला. ते स्वतः गोव्यात जन्मलेले. वडील धर्मानंद सांखवाळचे, बुद्धाच्या शोधात घर सोडून गेलेले आणि पुढं ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ लिहिणारे. बापानं धर्माला विचारलेला प्रश्न मुलानं जमिनीला विचारला, असं मला वाटतं.

कोसंबींचं प्रकरण जुन्या काबिजादीचं आहे. पेडणं आणि डिचोली नव्या काबिजादीत येतात, आणि इथली गोष्ट थोडी निराळी. डिचोली १७८१ साली पोर्तुगिजांच्या हाती गेली. पेडणं १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी तहानं दिलं. तोपर्यंत पोर्तुगिजांचा धर्मांतराचा जोर ओसरला होता. नव्या मुलखातल्या लोकांना त्यांनी हमी दिली की तुमचा धर्म, तुमच्या रूढी, तुमची वतनं यांना हात लावणार नाही. त्या हमीमुळं आमची देवळं राहिली. डिचोलीतल्या नार्वे गावात दिवाडी बेटावरून जीव वाचवून आलेला सप्तकोटेश्वर आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचं देऊळ बांधवून घेतलं, तो शिलालेख आजही वाचता येतो. तो मुलूख पोर्तुगिजांकडं गेल्यावरही देव जागचा हलला नाही. पण ज्या हमीनं देऊळ राखलं त्याच हमीनं वतनही राखलं. देसाई, सरदेसाई, कुळकर्णी, मोकासदार सगळे जिथल्या तिथं. गावकरी इथं तिसवाडी-सासष्टीसारखी बळकट नव्हती, त्यामुळं अनेक गावांत एकेका घराण्याचा शब्द चालायचा. देव राखल्याचा आनंद मानताना माझ्या लोकांनी वतनाचं ओझंही दीडशे-पावणेदोनशे वर्षं वाहिलं. पेडण्याचा इतिहास लिहिणारे पहिली गोष्ट अभिमानानं सांगतात आणि दुसरीपाशी थांबत नाहीत. मी थांबते.

त्याच सतराशेतल्या पेडणे-बांदा पट्ट्यात एक माणूस होऊन गेला, ज्याच्याकडं मी समाजचिंतक म्हणून बघते. सोहिरोबानाथ आंबिये. घराणं पालयेंचं मानतात. जन्म बांद्याचा, १७१४ चा. ते बांद्याचे कुळकर्णी होते, म्हणजे कुणाच्या नावावर कोणती जमीन, कुणाकडं किती धारा थकला, हे लिहिणारा हात त्यांचा. आख्यायिका अशी की सावंतवाडीच्या दरबाराचं बोलावणं आल्यावर वाटेत इन्सुलीच्या रानात ते फणस खात बसले होते आणि तिथं त्यांना गैबीनाथ भेटले. त्यानंतर त्यांनी कुळकर्णीपण सोडलं. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’ हे ग्रंथ त्यांचे. उतारवयात ते उत्तरेकडं गेले. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. लोक त्यांचं अद्वैत सांगतात. मला त्यांचं वतन सोडणं मोठं वाटतं. जमिनीचं दप्तर ज्याच्या काखेत होतं त्यानं ते खाली ठेवलं, त्या काळात, त्या जातीत. मात्र दप्तर दुसऱ्या कुणीतरी उचललं आणि कूळ तिथंच राहिलं, हेही खरं. संतानं स्वतःला मोकळं केलं. मुंडकाराच्या मोकळिकीसाठी आणखी दोन शतकं लागायची होती.

घाटावर आणि उत्तर कोकणात कसणाऱ्याच्या मोकळिकीचा विचार आधी सुरू झाला. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. रायगडकडं चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, पण खोताची पट्टी दिली नाही. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चानं गेले. याच आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मेटकाफच्या त्या छोट्या प्रजासत्ताकांचं नाव घेऊन सांगितलं की सुशिक्षितांचं हे खेडेप्रेम मला मान्य नाही. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर. मी ते भाषण प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले. मेटकाफ, मेन, रिवार यांच्या रांगेत पहिल्यांदा कुणीतरी आमच्या पडवीतून गाव पाहिलं होतं.

हे वारे तेरेखोलच्या अलीकडं फारसे पोचू दिले गेले नाहीत. सालाझारच्या राजवटीत सभा नाही, पत्रक नाही, लग्नपत्रिकेलाही सेन्सॉर. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले ते नागरी स्वातंत्र्यासाठी, आणि त्या घडीला तोच पहिला प्रश्न होता. तोंड उघडता आलं नाही तर खंडाविषयी बोलणार कसं? १५ ऑगस्ट १९५५ ला आमच्याच पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले. पुढं नाकाबंदीत आईचं माहेर नदीपलीकडं दिसायचं पण जाता येत नसे. त्याच वर्षांत मामाचा कृषक दिन झाला. निरोप आला तो एका होडीवाल्याकडून.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब पेडण्याचे, जन्म १२ मार्च १९११. ज्या समाजाला देवळात सेवा होती आणि मान नव्हता त्या समाजातून आलेले, स्वकष्टानं खाणमालक झालेले. त्यांनी समाजशास्त्राचा ग्रंथ लिहिला नाही. पण ‘कसेल त्याची जमीन’ हा विचार गोव्याच्या राजपत्रात छापून आणणारा माणूस तो. १९६४ च्या कूळकायद्यानं कुळाला हुसकावणं बंद झालं आणि खंडाची कमाल मर्यादा पिकाच्या एकषष्ठांशावर आली. त्याआधी आमच्याकडून अर्ध्याला जवळ जाईल इतकं भात भाटकाराच्या कोठारात जायचं. १९७१ मध्ये मुंडकारांना घरातून काढण्याला मनाई झाली, १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं कूळ मालक झालं. शेवटच्या दोन गोष्टी पाहायला भाऊसाहेब नव्हते. ऑगस्ट १९७३ मध्ये ते गेले आणि त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ती रद्दही ठरली, आणि अखेर १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या प्रश्नावर भाऊसाहेबांशी भांडलेले लोकही, कूळ असतील तर, या कायद्यांवर त्यांच्याशी भांडत नाहीत.

मुंडकार कायद्याचं काम कसं चालायचं ते सांगते, कारण विचार जमिनीवर उतरतो तेव्हा कसा दिसतो हे मी तिथं पाहिलं. कायद्यानं मुंडकाराला घर आणि घराभोवतीची जागा ठरावीक किमतीत विकत घेता येते: भिंतीपासून पाच मीटर, किंवा पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटर, यांतलं जास्त असेल ते. आमच्या वाड्यावर मोजणीदार आला तेव्हा फीत धरायला मी होते. बाहेरच्या भिंतीला फितीचं टोक लावायचं, दुसरं टोक सरळ ओढायचं, खुंटी मारायची. पूर्वेला अडचण नव्हती. दक्षिणेला गोठा होता, तो घरात धरायचा की बाहेर, यावर वाद झाला. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी गोठा कधीपासून आहे ते सांगितलं, तलाठ्यानं लिहून घेतलं. मागच्या दाराला आजीनं लावलेला फणस होता. फीत ओढली तर खोडाचा अर्धा भाग खुंटीच्या आत आणि अर्धा बाहेर. भाटकाराकडून आलेला माणूस वाईट नव्हता, तो म्हणाला, ‘झाड तुमचंच लिहू द्या.’ बाबांनी मान हलवली नाही. ‘कायद्यात बसतं तेवढंच लिहा,’ ते म्हणाले. आयुष्यभर मेहेरबानीवर राहिलेला माणूस त्या दिवशी मेहेरबानीची एक फांदीही घ्यायला तयार नव्हता. दुपारी तीनशे चौरस मीटरचा हिशेब धरल्यावर रेघ मागं सरकली आणि फणस पूर्ण आत आला. मग मात्र बाबा हसले.

पुढं एक-चौदाचा उतारा हातात आला. विक्रीपत्रावर आईचंही नाव लागलं, कारण १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात चालू आहे आणि त्याप्रमाणे नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा असतो. लिस्बनहून आलेल्या कायद्यानं आणि पणजीत झालेल्या कायद्यानं मिळून माझ्या आईला अशी जागा दिली, जी फोरालमधल्या चार पुरुषांनी दिली नव्हती आणि आरोंद्याच्या मामीलाही मिळाली नव्हती. मामाच्या दाखल्यावर एकट्या मामाचं नाव आहे.

या कायद्यांनी एक गोष्ट मोडली, ती इथं लिहिलीच पाहिजे. खाजन शेताचा बांध एकाचा नसतो. पूर्वी गावकरी किंवा भाटकार वेळच्या वेळी बांध घालून घ्यायचा, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारं भरती-ओहोटीला उघडायला-मिटायला माणूस ठेवायचा. कूळ मालक झाल्यावर ते काम कूळ संघांकडं गेलं. काही गावांत संघ नीट चालले. काही ठिकाणी मानशीवरच्या मासळीची पावणी शेतापेक्षा मोठी झाली. खारं पाणी आत राहिलं तर कोळंबी मिळते, आणि कोरगूट भाताची जागा पाण्यानं घेतली. बांध फुटला की शेजारच्याचंही शेत जातं. जमीन वाटताना आपण बांधाचा विचार कमी केला. गावकरीवाल्यांनी हे फार पूर्वीपासून सांगितलं होतं, आणि यात त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला हवा होता तो गाव, ज्यात मुंडकारही मोजला जाईल आणि बांधही सगळ्यांचा राहील. निम्मं मिळालं.

डिचोलीत मये गावची कथा अधिक कडू आहे. तिथली जमीन एका पोर्तुगीजनिष्ठ जमीनदाराची. मुक्तीनंतर तो निघून गेला आणि जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली. पेडण्याच्या मुंडकाराला निदान समोर भाटकार होता, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येत होता. मयेकरांच्या समोर सरकार होतं. पिढ्यान्पिढ्या राहत्या घराचं छप्पर बदलायचं तरी परवानगी लागायची. कसेल त्याची जमीन हे राज्यानं इतरांना सांगितलं आणि जिथं राज्य स्वतः मालक झालं तिथं पन्नास वर्षं टाळलं. २०१४ मध्ये त्या गावासाठी वेगळा कायदा करावा लागला. मयेच्या तळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी तिथल्या कुणाही म्हाताऱ्याशी दहा मिनिटं बोलून यावं.

आता पेडण्यात नवा प्रश्न उभा आहे. मोपाला विमानतळ झाला, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, आणि धारगळ-मोपा पट्ट्यात जमिनीचे भाव असे चढले की ज्यांच्या बापांनी एकषष्ठांश खंडासाठी भांडण केलं त्यांच्या मुलांना दलाल दारात येऊन विचारतात. १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा सांगतो की कूळकायद्यानं मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायची नाही. माझा पुतण्या म्हणतो, ‘आत्या, भाटकारानं आपल्या वाट्याचं भाट केव्हाच विकलं, त्याच्यावर हा कायदा नाही, कुळाच्या मुलावरच का?’ त्याच्या प्रश्नात अन्याय आहे तो मला दिसतो. तरी मी त्याला नाही म्हणते. ही जमीन कसण्याच्या हक्कानं मिळाली. राजपत्रानं बाबांना ती कूळ म्हणून दिली, व्यापारी म्हणून नाही. कायदा बदलायचाच तर भाटकाराच्या भाटावरही तोच नियम लावा, आणि शेत शेतच राहील असं करा. त्याला ते पटत नाही. पुढच्या महिन्यात ग्रामसभेत हाच विषय आहे, तो एका बाजूनं बोलणार आहे आणि मी दुसऱ्या.